खाली सही कुणाची?

हिंगोली

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

वसमतच्या वन्सं परवा येऊन गेल्या. त्यांच्या जावयानं दादाचं चित्र विकत घेतलंय म्हणे. मोबाइलवर दाखवलं, नरसी नामदेवच्या यात्रेतली वारकरी म्हातारी. “हात कापतो म्हणतात, पण रेघ बघा कशी!” असं कौतुक चाललं होतं. मी त्या म्हातारीच्या मानेखाली बघत बसले. सावलीत दादा जन्मभर बर्न्ट सिएना घालत आला. इथं जांभळी छटा होती. ह्याच जांभळ्यावरून शाळेत असताना त्याची बोलणी खायचीस ना तू? आणि खाली सही दादाची.

खरं सांग, कधीपासून चाललंय हे?

औषधपाण्याला पैसा लागतो, दादानं ऑर्डरी घेऊन ठेवल्यात, सगळं कळतं मला. बापाला हातभार लावू नकोस असं कोणती आत्या म्हणेल? पण घेणाऱ्याची ही फसवणूकच झाली ना गं. उद्या उघडकीला आलं तर बोट तुझ्याकडेच दाखवतील. आणि नाही आलं तर? मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

चित्रकार धुरंधरांच्या अंबिकाबाईंचं तुला लहानपणापासून सांगत आलेय. बाप रावबहादूर, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत एकेचाळीस वर्षं काढलेला. 1931 साली ते निवृत्त झाले, त्याच साली लेकीनं डिप्लोमा घेतला. बापाच्याच वळणाची चित्रं काढली, पण स्वतःच्या नावानं. 1944 मध्ये धुरंधर गेले, बाई 2009 पर्यंत होत्या, तरी लोक आधी ‘धुरंधरांची मुलगी’च म्हणतात. म्हणू देत. सही तर त्यांची होती. आणि गोव्याच्या त्रिंदादांची अँजेला! तिचेही वडील जे. जे.मध्येच शिकवायचे. तिनं चित्रात येशूच्या आईला, मेरीला, साडी नेसवली, पुढं त्रिकोणांतून चित्र बांधायची आपली रीत काढली आणि तिला नाव दिलं ‘त्रिंदादिझम’. आडनाव शेवटी बापाचंच! मला हसू येतं, बरंही वाटतं.

माझंच बघ. रामलीला मैदानावरच्या पडद्यांची जमीन मी भरायची, दादा वर माणसं काढायचा. दसऱ्याला हार त्याच्या गळ्यात, मी बायकांत बसून बघायची. तेव्हा राग आला नाही. आला तो पन्नाशीनंतर, आणि तोवर सांगायला कुणी उरलं नव्हतं. तुझ्या आईला एकदा बोलले, तर ती म्हणाली, “आता काय त्याचं.” म्हणून विचारते गं पुन्हा पुन्हा, सही कुणाची?

फार बोलले. रात्री जागून काढत असशील, पाठ दुखते का अजून? ते जांभळं मात्र छान उतरलंय हं. “ही आमच्या पोरीची कुंचली,” असं वन्संना सांगायला जीभ शिवशिवत होती.

दादाशी मी बोलते, तू मध्ये पडू नकोस. चित्र लेक काढते असं सरळ सांगू. चार गिऱ्हाइकं जातील, जाऊ देत. यंदा हळद बरी निघालीय, शिजवणं चालू आहे. मोंढ्यावर गेली की तुझ्यापुरते पैसे बाजूला काढते, तुझ्या आईला कळू देऊ नकोस. शनिवारी फोन करीन. उचल, आणि आधीच रडत बसू नकोस.

तुझी,
आत्या