कटिंगचे 50 रुपये : जोडवर्गातला एक गणिताचा तास



दिवाळीनंतर इयत्ता 4 थी आणि 5 वीच्या जोडवर्गात व्यवहारातील गणित घेताना एक छोटा उपक्रम केला. प्रश्न एकच, कटिंगला किती पैसे लागतात? आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका लहान गावात आहे, दोनशिक्षकी. तास एकच घ्यायचा होता, पण आठवडा गेला.

सुरुवात माझ्या चुकीतून झाली, ती आधी सांगतो. 5 वीतल्या एका मुलाचे केस कानावर आले होते. परिपाठाला मी त्याला रोज म्हणायचो, "उद्या केस कापून ये." तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच यायचा. चौथ्या दिवशी मी सगळ्यांसमोर जरा आवाज चढवला. तो काही बोलला नाही. शेजारी उभा असलेला पोरगा म्हणाला, "सर, त्याच्या मायचा चुकारा नाही झाला अजून."

त्याची आई कापूस वेचायला जाते. ते तीन भाऊ आहेत आणि तिघांचे केस एकदमच वाढतात. गावात लहान मुलाच्या कटिंगचे 40 रुपये, म्हणजे तिघांचे 120. वेचाई 10 रुपये किलोने मिळते असं मुलांनीच सांगितलं. म्हणजे तीन पोरांच्या केसांसाठी 12 किलो कापूस वेचायचा. बापाचीही कटिंग धरली तर 17 किलो. हा हिशोब मी फळ्यावर केला नाही, टेबलाशी बसून कागदावर केला, आणि मला माझीच लाज वाटली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेसोबत मानसिक त्रासही बंद केला आहे, हे आपण प्रशिक्षणात ऐकतो. पण 'केस कापून ये' हा त्रास असू शकतो, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं.

मग ठरवलं की कटिंगवरच तास घ्यायचा, पण कोण किती देतो हे विचारायचं नाही. फक्त दर विचारायचे. (ज्यांना हा उपक्रम घ्यायचा आहे त्यांनी एवढं जरूर पाळा. 'तुझी कटिंग कुठे होते?' असं विचारलं की दोन-चार मुलं खाली बघतात.) ज्याचे मामा, काका, मोठे भाऊ बाहेरगावी आहेत त्यांनी फोनवर विचारून यायचं. तीन दिवसांत फळ्यावर ही यादी झाली :

आमचं गाव 50, आर्णी 60, पुसद 70, यवतमाळ साधं दुकान 80, यवतमाळ एसीचं दुकान 120, पुणे 150.

चढता क्रम, उतरता क्रम, फरक किती, किती पट, हे सगळं 4 थीच्या मुलांनी पटापट केलं. पुण्याची कटिंग आमच्या गावच्या तिप्पट आहे हे कळल्यावर एकाने विचारलं, "तिथं केस जास्त कापते का सर?" यावर चर्चा चांगली झाली. खुर्चीचं भाडं, दुकानाचं भाडं, एसीचं बिल, कारागिराचा पगार हे मुद्दे मुलांकडूनच आले. 5 वीला सरासरी काढायला लावली. बेरीज 530, भागिले 6, उत्तर 88 रुपये आणि वर काही पैसे. उत्तर बरोबर होतं, पण एक मुलगी म्हणाली, "पण सर, 88 ले तर कुठंच होत नाही!" खरंच आहे. सरासरी म्हणजे काय आणि ती काय सांगत नाही, हे मला पुस्तकातल्या उदाहरणातून इतकं सोपं करून कधीच शिकवता आलं नव्हतं. त्याच मुलीने पुढे विचारलं की यात पोरींचे केस कुठे आहेत? पोरींचे केस घरी आईच सारखे करते, त्याचा दर कुणालाच सांगता येईना. तो रकाना रिकामाच राहिला.

आता दुसरी गोष्ट. गावात ज्यांचं कटिंगचं दुकान आहे त्यांचा मुलगा याच वर्गात, 4 थीत आहे. एरवी फार बोलका. पण या तीन दिवसांत तो गप्प होता. शाळेच्या माहिती-फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या जागी त्याने नुसतं 'दुकान' लिहिलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. मधल्या सुट्टीत पोरं त्याला वस्तऱ्यावरून चिडवतात हेही नंतर कळलं. एक जण तर वर्गातच म्हणाला, "दहा मिनिटाचं काम अन् 50 रुपये! दिवसभरात तर हजारो होत असतील." तेव्हा मात्र हा उठला आणि म्हणाला, "काऊन हजारो? दुकानात येऊन बसून पाय ना दिवसभर."

म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दुकानात गेलो. मी स्वतः तिथलाच गिऱ्हाईक आहे. त्यांना आधी विचारून ठेवलं होतं. त्यांनी पोरांना बाहेरच्या बाकड्यावर बसवलं, वस्तरा उघडून दाखवला, एक ब्लेड मोडून अर्धं कसं लावतात आणि प्रत्येक दाढीला नवीन का लावतात ते सांगितलं. मग हिशोब. साध्या दिवशी 8 कटिंग आणि 6 दाढ्या. दाढीचे 30. म्हणजे 400 आणि 180, एकूण 580. दुकानाचं भाडं, वीज, ब्लेड, फोम, पावडर मिळून दिवसाला 110 धरले तर हाती राहिले 470. दुकान सकाळी 7 ला उघडतं, रात्री 8 ला बंद. 13 तास. मुलांनी तिथेच भागाकार केला. तासाला 36 रुपये. 'हजारो' म्हणणारा पोरगा वहीत पुन्हा पुन्हा भागाकार करून बघत होता.

आणि हा साधा दिवस झाला. सोमवारी दुकान बंद. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावास्येला गिऱ्हाईक कमी. श्रावणात कित्येक जण महिनाभर दाढी-कटिंग करत नाहीत. पोळा झाला की मग एकदम गर्दी. रविवारी आणि लग्नसराईत बरे पैसे होतात, त्यावर बाकीचे दिवस निघतात. लॉकडाऊनचीही गोष्ट निघाली. 25 मार्च 2020 ला देशभर लॉकडाऊन लागला आणि राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली 28 जूनला, तीही सुरुवातीला फक्त कटिंगची, दाढीची नाही. मधले दिवस मोजायला लावले : 7 अधिक 30 अधिक 31 अधिक 27, एकूण 95. "पंच्याण्णव दिवस एक रुपया नाही पाहिला सर," ते म्हणाले. ही पोरं तेव्हा फार लहान होती, त्यांना यातलं काही आठवत नाही.

परिसर अभ्यासाशी जोडायचं म्हणून मुलांना सांगितलं, घरी आजा-आजीला विचारा की त्यांच्या वेळी किती पैसे लागायचे. बऱ्याच वह्यांत उत्तर आलं : पैसे नाही, ज्वारी. सुगी झाली की कास्तकार वर्षाची ज्वारी मोजून द्यायचा आणि वर्षभर घरच्या सगळ्यांची हजामत व्हायची. न्हावी धोपटी घेऊन ओसरीवर यायचा. हेच बलुतं. बारा बलुतेदारांची ही व्यवस्था कशी चालायची हे ज्यांना वाचायचं असेल त्यांनी त्रिंबक नारायण आत्रे यांचं 1915 सालचं 'गावगाडा' वाचावं. मुलांना ती व्यवस्था फार आवडली, पैसेच लागत नाहीत म्हणून! पण पीक बुडालं तर काय, असं विचारल्यावर दुकानवाल्यांचा मुलगा पटकन म्हणाला, "मग आमचंही बुडालं."

त्यात आणखी एक बाजू होती आणि ती मी टाळली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात साताऱ्यातलं लहानपण सांगितलं आहे. गावात न्हावी होते, घरात द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या केसाला हात लावायला न्हावी तयार नव्हता. म्हणून मोठी बहीणच भावंडांचे केस कापायची. मुलांना विचारलं, तेव्हा दर कितीही असता तरी काय फरक पडला असता? वर्ग थोडा वेळ शांत होता. मग एकीने दुकानातल्या पुठ्ठ्याची आठवण काढली. त्यावर 'मोठे 50, लहान 40, दाढी 30' एवढंच लिहिलं आहे, कोणाचे किती असं नाही. तोच केस वाढलेला मुलगा म्हणाला, "पण 40 तर पाहिजेच ना सर." मी यावर काही बोललो नाही.

पालकांपैकी एकाने विचारलं की कटिंगवर जीएसटी असतो का. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवेवरचा दर 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. पण सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. 50 रुपयांच्या कटिंगने 20 लाख व्हायला वर्षाला 40,000 डोकी लागतील, रोजची जवळपास 110. आमच्या गावात एवढी डोकीच नाहीत! 5 वीला हे उदाहरण जरूर द्या, मोठ्या संख्यांचा भागाकार होतो. आणि हो, लेबर ब्युरो शेतमजुरांसाठी जो महागाईचा निर्देशांक काढते, त्यात धान्य, तेल, एसटीच्या भाड्यासोबत न्हाव्याचे दरही धरलेले असतात. म्हणजे आमच्या पुठ्ठ्यावरचा आकडा वाटतो तितका किरकोळ नाही.

शेवटच्या दिवशी दुकानवाल्यांच्या मुलाने स्वतःच हात वर केला. "सर, बाबा म्हणतात कटिंग 60 करावं लागते. आर्णीत तर 60 च आहे. करावं का?" वर्गाचे दोन भाग पडले. एक बाजू म्हणाली, 8 कटिंगचे रोजचे 80 रुपये वाढतील, करा. दुसरी बाजू म्हणाली, प्रत्येक डोक्यामागं एक किलो कापूस जास्त वेचावा लागंल, नका करू. बराच वेळ वाद झाला, मी मध्ये पडलो नाही. शेवटी केस वाढलेला मुलगा म्हणाला, "मोठ्यायचे वाढवा. लहान्यायचे नका वाढवू."

हा निरोप दुकानात पोचला आहे. पुठ्ठा अजून बदललेला नाही.