पाळीव कोळी : टॅरंटुला

बालमित्रांनो, गाय, शेळी, कोंबडी, मांजर हे पाळीव प्राणी आपल्याला ठाऊक आहेत. पण कोणी कोळी पाळतो म्हटले तर तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय!" पण हे खरे आहे. युरोप-अमेरिकेत पुष्कळ लोक टॅरंटुला नावाचा मोठा केसाळ कोळी हौसेने पाळतात. त्यात मेक्सिको देशातला लाल गुडघ्यांचा कोळी फार प्रसिद्ध आहे. त्याची माहिती आपण घेऊ.

ओळख : कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला पाय ६, कोळ्याला ८. डोळेही ८, पण नजर अधू. भक्ष्य आले की जमीन थरथरते, ते त्याला पायाच्या केसांनी कळते. तो जाळ्यात माशा पकडत नाही. बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसतो. मादी २० वर्षांहून जास्त जगू शकते. नर लवकर मरतो.

घर : झाकणाची काचपेटी घेतात. हवेसाठी भोके ठेवतात. तळाला मातीचा जाड थर आणि लपायला नारळाची करवंटी किंवा फुटकी कुंडी. पेटी उन्हात ठेवत नाहीत. एका पेटीत एकच कोळी. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो!

अन्न-पाणी : मोठ्या कोळ्याला आठवड्यातून एकदा जिवंत रातकिडा किंवा झुरळ पुरते. किडा कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नसावा. औषध मारलेले झुरळ कधीही देऊ नये, ते खाऊन कोळीही मरतो. कोळ्याला घट्ट अन्न चावून गिळता येत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेले अन्न शोषून घेतो. उरलेला चोथा लगेच काढावा. उथळ ताटलीत स्वच्छ पाणी मात्र रोज हवे.

कात टाकणे : ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सापासारखा कोळीही कात टाकतो. त्याआधी काही दिवस, कधी काही आठवडे, तो खात नाही. मग पाय वर करून चक्क उताणा पडतो. नवीन माणसाला वाटते, मेला! आणि तो त्याला फेकून देतो. पण तो जिवंत असतो. अशा वेळी हात लावू नये. पेटीत किडा असेल तर काढावा, कारण नवी कातडी मऊ असते आणि रातकिडासुद्धा त्याला कुरतडतो. कातडी कडक होईपर्यंत खायला देऊ नये.

हाताळणी : त्याला हातावर खेळवू नये. हातातून पडला तर पोट फुटून मरतो. चिडला की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतो. ते कातडीला खाजतात आणि डोळ्यात गेले तर फार त्रास होतो.

हौसेपायी हे कोळी जंगलातून इतके पकडले गेले की १९८५ साली त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानुसार बंधने आली.

आपल्या सह्याद्रीतही टॅरंटुला आहेत. मागच्या पावसाळ्यात शाळेच्या पडवीत एक मोठा केसाळ कोळी निघाला. आम्ही पोरांनी तो चपलेने ठेचला. गुरुजी रागावले नाहीत. "आता त्याची माहिती काढून भिंतीवर लाव," एवढेच म्हणाले. माहिती काढल्यावर कळले, तो आमच्या अंगावर आलाच नव्हता. कोपऱ्यातच बसला होता.

म्हणून मित्रांनो, आपला कोळी पकडून पाळू नका आणि मारूही नका. त्याचे घर रानात आहे. दिसला तर लांबून पाहा, हात लावू नका, मोठ्या माणसांना बोलवा आणि त्याला वाट द्या.

सांगा पाहू :
१. कोळी कीटक का नाही?
२. उताण्या पडलेल्या कोळ्याला का फेकू नये?
३. तुमच्या घरी कोळी निघाला तर तुम्ही काय कराल?