वनरक्षकाचें काम

मुरूड व रोहें तालुक्यांतील डोंगरांवर फणसाडचें दाट रान पसरलें आहे. पूर्वीं हें जंजिऱ्याच्या नवाबाचें शिकारीसाठीं राखलेलें रान होतें. इ. स. १९८६ मध्यें तें अभयारण्य झालें, आणि तेथील पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा भार वनरक्षकावर आला.

हें काम नुसतें काठी घेऊन हिंडण्याचें नव्हे. पावसाळा सरला कीं गवत वाळूं लागतें. वणवा पसरूं नये म्हणून जाळरेषा काढाव्या लागतात. वाटेंत कोणीं फासे मांडले आहेत काय, हें वांकून पाहावें लागतें. पण खरी कसोटी उन्हाळ्यांत लागते. ओढे आटतात, आणि सांबर, भेंकर, बिबळ्या असे सारे प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात. या पाणवठ्यांस तिकडे ‘गाण’ म्हणतात. तहानलेला प्राणी येथें येणारच, हें चोरट्या शिकाऱ्यासही ठाऊक असतें. म्हणून रात्रीं पहारा हवा. वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यांत मचाणावर बसून प्राण्यांची गणना करतात. एके काळीं मचाणावरून नेम धरीत. आतां मोजदाद होते.

१९७२ च्या कायद्यानें वन्य प्राण्यांस संरक्षण दिलें. परंतु गाणीवर रात्रभर जागावें लागतें तें माणसासच. सकाळीं चिखलांत खुरांचे ताजे ठसे दिसावे आणि रात्रीं बंदुकीचा बार ऐकूं आलेला नसावा, एवढेंच त्याचें यश.

सुटींत रानांत फिरतांना तारेचा फासा आढळला, तर त्यास हात न लावतां वनरक्षकास कळवा. तोच पुरावा असतो.