अश्वगंधेच्या मुळांची काढणी व वाळवण

अश्वगंधा, जिला आपल्याकडे आस्कंद असेंहि म्हणतात, ही हलक्या, निचऱ्याच्या जमिनींत थोड्या पाण्यावर येते. पीक उभें करण्यांत फारशी अडचण नाहीं. नुकसान होतें तें काढणीनंतर.

श्रावण-भाद्रपदांत पेरलेलें पीक सुमारें १५० ते १८० दिवसांत तयार होतें. पानें वाळूं लागलीं व फळें तांबडीं झालीं म्हणजे वेळ आली असें समजावें. घाई केल्यास मुळें बारीक राहतात. फार उशीर केल्यास तीं चिवट होतात. फळें अगोदर तोडून बियाण्यासाठीं निराळीं वाळवावीं. जमीन कडक असल्यास हलकें पाणी देऊन वाफसा आल्यावर कुदळीनें खणावें, म्हणजे मूळ सबंध निघतें.

खोड छाटून मुळें चटकन् धुवावीं. पाण्यांत भिजत ठेवूं नयेत. जाड मुळांचे तीन-चार इंचांचे तुकडे करून तट्ट्यावर पातळ पसरावे, उघड्या जमिनीवर नव्हे. दिवसां ऊन द्यावें, दोन वेळां हलवावें व दंव पडण्यापूर्वीं आंत घ्यावे. हा नियम सुगंधी पानांस मात्र लावूं नये. तुळस फुलोऱ्यावर असतां कापून सावलींतच वाळवावी; कडक उन्हानें तिचें तेल उडतें व रंग काळवंडतो.

प्रस्तुत लेखकानें पहिल्या वर्षीं वरून कोरडीं दिसणारीं मुळें पोत्यांत भरलीं. पंधरा दिवसांनीं पोतें सोडलें तों कुबट वास आला. जाड तुकड्यांस आंतून बुरशी लागली होती. व्यापाऱ्यानें माल परत केला. राग आला खरा, पण त्याचें करणें योग्यच होतें. बुरशीपासून होणारें विष पुन्हां ऊन दाखविल्यानें जात नाहीं. तो सर्व माल उकिरड्यांतहि न टाकतां पुरावा लागला.

तेव्हांपासून ढिगांतील सर्वांत जाड तुकडाच मोडून पाहतों. कट्कन् तुटला तर वाळला. वांकला तर आणखी दोन दिवस ऊन. बारीक तुकड्यांवर विश्वास ठेवूं नये, ते नेहमीं आधीं वाळतात.

जाड, सरळ व आंतून पांढरें मूळ निराळें काढावें. त्यास भाव अधिक मिळतो. त्यांत तंतुमुळें व पानें मिसळूं नयेत. प्रत्येक पोत्यास शेताचें नांव, काढणीची तारीख व वजन यांची चिठ्ठी शिवावी. महसुली दप्तरांतील ही आमची जुनी खोड येथें उपयोगी पडली. पोतीं भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीं व पावसाळा लागण्यापूर्वीं एकदां सोडून पाहावीं.