दुधाच्या वाहिन्या आणि रिपोर्टातली एक ओळ

धाकटी अंगावर पीत होती तेव्हा उजव्या बाजूला सारखं दुखायचं, म्हणून सोनोग्राफी केली. रिपोर्टात लिहून आलं, ‘स्तनाग्रामागच्या वाहिन्या रुंदावलेल्या’. मी पाजते आहे याचा उल्लेखच नाही! तो कागद घरभर फिरला. आत्याबाई म्हणाल्या, दूध तोड. दीर मोबाइलवर शोधत थेट कर्करोगापर्यंत पोचले.

दुसऱ्या रेडिओलॉजिस्टबाईंनी पुन्हा तपासताना पडदाच माझ्याकडे वळवला. करड्या-पांढऱ्या ऊतीत काळ्या बारीक रेघा स्तनाग्राकडे येत होत्या. आत दूध, म्हणून काळं. प्रोब जोरात दाबला की रेघ चपटी होऊन गायब. स्तनाग्राच्या सावलीत दडलेलं बघायला प्रोब तिरका धरावा लागतो. तेवढ्यात बाहेर लेक रडली, मला पान्हा फुटला, आणि तीच वाहिनी डोळ्यांदेखत फुगली. थोड्या वेळाने पुन्हा बारीक. म्हणजे रुंदी कोणत्या घटकेला मोजली, यावरही आकडा ठरतो.

पाजणाऱ्या बाईच्या वाहिन्या वाचताना असा गोंधळ व्हावा यात नवल नाही. लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी मृत स्त्रियांच्या दुग्धवाहिन्यांत मेण भरून काढलेल्या आकृत्या १८४० साली छापल्या. पुढे पाठ्यपुस्तकांत १५ ते २० वाहिन्या आणि स्तनाग्रामागे दुधाच्या पिशव्या, हेच चित्र राहिलं. २००५ साली ऑस्ट्रेलियात पर्थला डोना रॅमसे आणि सहकाऱ्यांनी पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी केली, तेव्हा स्तनाग्रापाशी सरासरी ९ मुख्य वाहिन्या दिसल्या, सुमारे २ मिलिमीटर रुंदीच्या. पिशव्या दिसल्याच नाहीत. जिवंत बाईकडे बघायला एवढी वर्षं लागली, असो.

तेव्हा बायांनो, टेबलावर झोपण्याआधीच सांगा, ‘मी पाजते’, आणि ते रिपोर्टात लिहायला लावा. जाण्याआधी बाळाला पाजून घ्या, दाब कमी दुखतो. जुने रिपोर्ट न्या. रुंदीचा आकडा वाचून घाबरण्यापेक्षा विचारा, वाहिनीच्या आत काही वाढलंय का? सगळं ठीक असेल तर नुसत्या रुंदीपायी दूध तोडू नका.

मात्र एकाच छिद्रातून आपोआप रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, न विरघळणारी गाठ, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, कातडीला खळी, यांतलं काही दिसलं तर ‘दुधामुळे असेल’ म्हणून कुणी समजूत घातली तरी ऐकू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.