मुक्ता घ्यावा की पॉपिन्स?

सोनू, वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी कुठला फॉन्ट घ्यावा म्हणतेस. मुक्ता मुंबईच्या 'एक टाइप'चा, पॉपिन्स 'इंडियन टाइप फाउंड्री'चा. दोन्ही खुल्या परवान्याचे, म्हणजे खर्चाची सबब आधीच गेली. आता काकाचं ऐक.

१. फॉन्टच्या नमुन्यावर भाळू नकोस, आपलाच मजकूर टाकून बघ — नमुन्यात सोपी, देखणी अक्षरं असतात. तुझ्या अंकात 'दऱ्याखोऱ्या', 'कुऱ्हाड' आणि 'ॲड.' येणार आहेत.

२. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे मिळतात का ते पाहा. काही फॉन्टांत मजकुराची भाषा 'मराठी' केली की ते बदलतात — नाहीतर जुने सभासद अंक उघडताच पहिलं बोट तिथेच ठेवतील.

३. अंक ज्या कागदावर निघणार त्यावरच, खऱ्या आकारात एक पान छापून आण — स्क्रीनवर मोठं करून पाहिलं की सगळेच फॉन्ट गोड दिसतात. नऊ पॉइंटात, स्वस्त कागदावर शाई पसरली की 'ब'चं पोट भरतं, 'घ' आणि 'ध' ओळखताना आजोबा चष्मा पुसत बसतात.

४. मला विचारशील तर मथळे पॉपिन्समध्ये, मजकूर मुक्तात. आमच्याकडची घरगुती म्हण, 'मथळ्याला थाट, मजकुराला वाट' — पॉपिन्सची एकसारख्या जाडीची, भूमितीतली गोलाई चार शब्दांत शोभते. अध्यक्षांचं तीन पानी मनोगत तसंही जड असतं, त्यात भर नको.

५. दहा पॉइंटाला ओळीचं अंतर पंधरा ठेव, जागा वाचवायला कमी करू नकोस — वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला अडकतो.

६. मुक्ताला सात वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, पॉपिन्सला नऊ. वापर दोनच.

७. श्रीलिपीतले जुने अहवाल युनिकोडमध्ये आणलेस तर मोठ्याने वाचून काढ — रूपांतरात जोडाक्षरं हमखास फुटतात, आणि डोळा सवयीने ती जोडून वाचतो.

८. प्रेसला फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून दे, पण कर्व्ह न केलेली प्रत आपल्याकडे ठेव — देणगीदारांची नावं शेवटच्या रात्रीच बदलतात.