गोट्याखालचे साक्षीदार

पर्यावरण अभ्यासाचा पेपर आम्हां बी.ए.वाल्यांनाही असतो. यंदा प्रकल्पासाठी मी विषय घेतला थंड पाण्यातल्या ट्राउट माशाच्या नदीचा. वर्गात लगेच प्रश्न आला, "पाणी नितळ आहे, मासा आहे, मग तपासायचं काय उरलं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आता देते.

उदाहरण म्हणून हिमाचलमधली तीर्थन नदी घेऊ. ती कुल्लू जिल्ह्यात ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून निघते आणि लारजीजवळ बियासला मिळते. तिच्यातला ब्राऊन ट्राउट मूळचा युरोपचा. इंग्रजांच्या काळात, १९०९ च्या सुमारास, तो कुल्लू खोऱ्यात आणला गेला.

तपासणीची सुरुवात थर्मामीटरने होते. या माशाला साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. २० च्या वर त्याला त्रास होऊ लागतो, २५ च्या आसपास बराच वेळ राहावं लागलं तर जिवावर बेततं. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, हे यामागचं एक कारण. समुद्रसपाटीला १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना जेमतेम ८. शिवाय पाणी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा कमी! म्हणून तापमान भर दुपारी आणि ऑक्सिजन पहाटेही मोजावा. रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं.

पण हे आकडे त्या घटकेपुरते. रात्री कुणी सांडपाणी सोडलं आणि ते वाहून गेलं, तर सकाळची बाटली काहीच सांगणार नाही. मग साक्ष कोणाची काढायची? गोट्याखाली राहणाऱ्या किड्यांची.

उथळ, खळाळत्या जागी जाळी धरायची आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूचे गोटे पायाने ढवळायचे. सुटलेले जीव वाहत जाळीत येतात. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून ओळखायचे, मोजायचे आणि परत पाण्यात सोडायचे. दोन शेपट्यांचं स्टोनफ्लायचं पिल्लू, बहुधा तीन शेपट्यांचं मेफ्लायचं, आणि वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी: ही तिन्ही भरपूर मिळाली तर पाणी चांगलं समजावं. काही स्टोनफ्लाय एक ते तीन वर्षं पाण्यातच वाढतात. मधल्या काळात पाणी बिघडलं असतं तर त्या तिथे दिसल्या नसत्या. ट्रेमध्ये नुसत्या लाल अळ्याच वळवळत असतील तर सावध व्हायचं. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी असला तरी त्या तग धरतात.

नदीचा तळही बघावा लागतो. ट्राउटची मादी थंडीच्या सुरुवातीला खडीत खळगा करून अंडी घालते. खडीतून पाणी खेळतं राहिलं तरच ती जगतात. रस्त्याच्या खोदकामाची माती वरून बसली तर अंडी आतच गुदमरतात. वरचं पाणी मात्र चार दिवसांनी पुन्हा नितळ दिसतं!

आता वर्गातल्या प्रश्नाचा दुसरा भाग, "मासा आहे ना?" ट्राउटची पिल्लं केंद्रात वाढवूनही नदीत सोडतात. त्यामुळे मोठा मासा दिसला म्हणजे तो तिथेच जन्मला असं नाही. नदीत जन्मलेली यंदाची पिल्लं सापडतात का, हे पाहायला हवं. आणि असेला हा तिथला मूळचा मासा टिकून आहे का, हेही. पाहुणा ट्राउट जागेसाठी आणि खाण्यासाठी त्याच्याशी स्पर्धा करतो. ट्राउट वाढले म्हणून नदी सुखी, असं म्हणता येत नाही.

आपल्या सह्याद्रीतले ओढे उबदार. ट्राउटचे आकडे त्यांना लावू नयेत. तुलना करायची तर त्याच भागातल्या, वस्तीच्या वर असलेल्या स्वच्छ ओढ्याशी करावी. गोटा उलटून बघायची रीत मात्र इथेही चालते. पुढच्या वेळी ओढ्यावर गेलात तर एक उलटून बघा, आणि आठवणीने होता तसा परत ठेवा. खाली कुणाचं तरी घर असतं.